माळ्यावर चढायचं कसं: निसण की जिना?

पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलं आहे. नाव छापू नये म्हणून सांगितलंय, म्हणून छापत नाही. थोडं आटोपतं घेऊन देतो:

"आमचं सासरचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, कौलारू. मधल्या खोलीवर कडीपाटाचा (आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या घातलेला) माळा आहे. खोली १४ फूट बाय ११ फूट. खालच्या जमिनीपासून माळ्याच्या फळीपर्यंत ९ फूट ८ इंच. वर मधोमध आढ्याखाली साडेसात फूट उंची मिळते, कडेला जेमतेम तीन फूट. कितीतरी वर्षं भिंतीला टेकवलेल्या फणसाच्या निसणीवरून (लाकडी शिडीवरून) आम्ही वर जातो. मे महिन्यात सासूबाई (वय ७१) सोलांचा (आमसुलांचा) डबा घेऊन उतरत असताना तिचा एक दांडा मोडला. त्या थोडक्यात वाचल्या. ह्यांनी तो दांडा तारेने बांधून ठेवलाय. ह्यांचं म्हणणं, ॲल्युमिनियमची घडीची शिडी घेऊया, जागा अडत नाही. सासूबाई म्हणतात, आता जिनाच करा. मुलगा दहावीत आहे, त्याला वर अभ्यासाची खोली हवी. मेस्त (सुतार) म्हणतो, तुमचं काय ते ठरवा, मी करून देतो. आम्ही ठरवायचं कसं?"

ताई,

आधी एका गोष्टीचं कौतुक. तुम्ही मापं पाठवलीत, तीसुद्धा इंचापर्यंत. "माळा बऱ्यापैकी उंच आहे" एवढ्यावर सल्ला मागणारी पत्रं माझ्याकडे ढीगभर येतात. तुमच्या पत्रात मापांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट सहज येऊन गेली आहे, ती म्हणजे सोलांचा डबा.

दांडा मोडला तेव्हा सासूबाई उतरत होत्या आणि त्यांच्या हातात डबा होता. चढताना माणूस सावध असतो, समोर बघतो. उतरताना पाय खाली चाचपडत असतो, डोळ्यांना फक्त पोट दिसतं आणि त्यात एक हात गुंतलेला. म्हणून शिडी की जिना हे ठरवताना मी घरच्यांना एवढंच विचारतो: उतरताना हातात काय असतं? आमच्या फोंड्याकडचा एक म्हातारा मेस्त हेच माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा. "निसणीक दोन हात जाय, सोपणाक एक पुरो." म्हणजे निसणीला दोन हात लागतात, जिन्याला एक पुरतो. मी साइटवर नकाशे घेऊन हिंडलो त्या सगळ्या वर्षांत याहून नेमकं वाक्य कुणाकडून ऐकलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे हा उपदेश कोरडा वाटणार नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी मी आमच्या माळ्यावरून तांब्याचं भाणं, म्हणजे मोठं भांडं, घेऊन उतरत होतो. भाणं काखेत, एक हात निसणीला. शेवटचा दांडा संपला असं समजून पाऊल मागे टाकलं. दांडा अजून एक होता. भाण्याला पोचा आला, माझं डावं मनगट मोडलं, आणि त्या वर्षी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) शेजाऱ्याने बांधली. पावसाळी हवेत ते मनगट अजून ठणकतं. आमची निसण मात्र चांगली धडधाकट होती, तिचा काही दोष नव्हता. मी तिच्याकडून जिन्याचं काम करून घेत होतो, हा दोष.

तर आधी तुमच्या माळ्यावर काय काय आहे त्याची मोजदाद करा. पत्रात नाही, पण मी ओळखतो: पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सामान असणार. सोलं, चिंच, मिरच्या, चार-पाच डझन नारळ, कदाचित उकड्या तांदळाचा पिंप. शिवाय माटोळीची लाकडी चौकट, चवथीची भांडी, समया, जुन्या गाद्या, आणि कुणाच्या तरी लग्नातली पत्र्याची पेटी, जी उघडायची किल्ली कुणाकडेच नाही. यातलं चवथीचं सामान वर्षातून दोनदा हलतं, एकदा खाली आणि एकदा वर. सोलं आणि मिरच्या मात्र आठवड्याला लागतात. सासूबाई चढतात त्या या दुसऱ्या गठ्ठ्यासाठी. तो गठ्ठाच खाली आणा. स्वयंपाकघरात जुनं फडताळ असेल तर ते मोकळं करा, नसेल तर चुलीच्या बाजूच्या कोरड्या भिंतीला दोन फळ्या ठोका, कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत. जुन्या माणसांनी सोलं माळ्यावर ठेवली कारण खालून चुलीची धग आणि धूर लागायचा, पावसातही बुरशी येत नसे. आता खाली गॅस आहे. वर धूर पोचत नाही, नुसती दमट हवा पोचते. घट्ट झाकणाच्या बरणीत ती खालीच जास्त टिकतील. एवढं केलंत की सासूबाईंना वर जायचं कारण उरत नाही, आणि तुमचा अर्धा प्रश्न एक रुपयाही न घालवता सुटतो.

त्या "मला काही होत नाही" म्हणतील, आमचीही आई म्हणायची. त्यांच्याशी वाद घालू नका, बरणी खाली आणून ठेवा.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे येऊ. सासूबाईंना हवा तसा, रमतगमत चढता येईल असा जिना तुमच्या खोलीत बसतो का? हिशेब मांडून बघू. घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा उंच नसावी आणि पाऊल ठेवायला निदान २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच मिळावेत, असं आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. तुमची उंची ११६ इंच. तिचे सोळा चढ केले तर प्रत्येक सव्वासात इंचांचा. सोळा चढांना पायऱ्या पंधरा, कारण सोळावं पाऊल माळ्यावरच पडतं. पंधरा गुणिले दहा म्हणजे दीडशे इंच, साडेबारा फूट. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायला तीन फूट तरी मोकळे हवेत. झाले साडेपंधरा. तुमची भिंत चौदाची.

मग मेस्त सांगेल, मध्ये टप्पा देऊन वळवूया. वळवा, पण त्याला साधारण नऊ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद जागा लागेल. अकरा बाय चौदाच्या खोलीतली एक तृतीयांशाहून जास्त जमीन गेली. मधली खोली म्हणजे घराचा रस्ता. तिथून देवघरात जायचं, तिथून स्वयंपाकघरात जायचं. चवथीला पाट मांडायचे ते कुठे?

बरं, जागेवर पाणी सोडलं असं धरू. खरी अडचण वर आहे. जिना चढताना डोकं आपटू नये म्हणून पायरीपासून वर सात फूट मोकळे सोडावे लागतात. तेवढं डोकं निभवायचं तर साध्या सरळ जिन्यासाठी माळ्याला सव्वादहा फूट लांबीचं भगदाड पाडावं लागतं. कड्यांना आडवं पाडलं तर चार-पाच कड्या कापल्या जातील. मातीच्या भिंतीच्या घरात कड्या नुसता माळा पेलत नाहीत, समोरासमोरच्या भिंतींना त्या धरून ठेवतात. त्यांना हात लावण्याआधी मेस्तला नव्हे, इंजिनियरला बोलवा. मेस्त लाकूड जाणतो. भिंतीवर कुठला भार कसा उतरतो हे बघणारा डोळा वेगळा.

आणखी एक गोष्ट, जिच्यात मी भलेभले फसलेले पाहिलेत. जिना भिंतीलगत घालायची आपल्याला हौस, कारण तिथे तो अडचण करत नाही. कौलारू घरात भिंतीलगत वर गेलं की छप्पर उतरत आलेलं असतं. तुमच्याकडे कडेला तीन फूट उंची आहे. म्हणजे जिना चढून माणूस वर पोचला की वाशात डोकं घालून रांगत बाहेर येणार. शिडी असो वा जिना, शेवटचं पाऊल आढ्याखाली, साडेसात फुटांच्या पट्ट्यातच पडलं पाहिजे. तुमची आत्ताची निसण कुठे टेकलेली आहे? भिंतीला, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळी माणसं वर पोचून आधी वाकताय आणि मग उभी राहताय. नवं काही करताना माळ्याचं तोंड निदान मध्यावर आणा. ते आणलंत की शिडीसुद्धा अर्ध्याने सोपी होईल.

आता ह्यांची ॲल्युमिनियमची शिडी. माझा तिला विरोध नाही. वर्षातून दहा वेळा वर जाणारा धडधाकट माणूस असेल, हात रिकामे असतील, तर ती पुरते. ॲल्युमिनियमला आपल्या हवेत लोखंडासारखा गंज चढत नाही हे खरं. पण छतातून खाली ओढायच्या घडीच्या शिडीत स्प्रिंगा, बिजागऱ्या आणि बोल्ट असतात, ते बहुधा लोखंडाचेच. दोन पावसाळ्यांत ते करकरायला लागतात आणि तिसऱ्यात एक बाजू आधी उघडते, दुसरी मागून. घेणारच असाल तर हा सगळा जोड स्टेनलेस स्टीलचा आहे का ते विचारा, आणि किती किलो पेलते तो शिक्का वाचून घ्या. दीडशे किलोपेक्षा कमीची घेऊ नका. माणूस अधिक भाणं हा हिशेब झटकन वर जातो. जुन्या घरात माळ्याखालून उघड्या वायरी गेलेल्या असतात. धातूची शिडी आणि सोललेली वायर यांची गाठ पडू देऊ नका, आधी इलेक्ट्रिशियनकडून वायरी बघून घ्या.

टेकवायची साधी शिडी असेल तर तिचं गणित सोपं: चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर. तुमच्याकडे शिडीचा पाय टेकल्या जागेपासून अडीच फूट पुढे हवा. आणि वरचं टोक माळ्याच्या फळीच्या वर तीन फूट निघालेलं हवं, म्हणजे वर पाऊल टाकताना धरायला काहीतरी राहतं. आपल्याकडच्या बहुतेक निसणी फळीला टेकून तिथेच संपतात. वर पोचलेला माणूस गुडघ्यावर येतो, जमिनीला हात टेकतो आणि ओणवा आत जातो. उतरताना हेच उलट, पाठमोरं, आणि पहिला दांडा पायाने शोधत. तुमच्या निसणीची पैज लावून सांगतो, तशीच असणार.

मी तुमच्या जागी असतो तर या दोहोंच्या मधलं करून घेतलं असतं. जहाजावर असतो तसा उभट, पक्का, लाकडी जिना. तो सुमारे साठ अंशांत उभा राहतो. तुमच्या उंचीला जमिनीवर त्याला साडेपाच-पावणेसहा फूट लागतात, रुंदी अडीच फूट पुरे. बारा चढ, प्रत्येक पावणेदहा इंचांच्या आत. पायऱ्या गोल दांड्याच्या नव्हेत, सपाट फळीच्या, आठ इंच रुंद, एकीवर एक थोडी सरकलेली. पायऱ्यांच्या मागची बाजू उघडी ठेवायची म्हणजे बोटं आत जातात आणि पाऊल पुरं बसतं. दोन्ही बाजूंना हाताला पकडायला दांडी, आणि ती वर माळ्याच्या पुढे तीन फूट गेलेली. डोकं वाचवायला भगदाड सव्वाचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद लागेल. लांबी कड्यांच्या दिशेने ठेवली तर एखादीच कडी कापावी लागेल, कदाचित तीही नाही. कापलीच तर तिची टोकं दोन्ही बाजूंच्या आडव्या जाड लाकडात अडकवून भार शेजारच्या कड्यांवर द्यायचा. हे काम मेस्तला ठाऊक असतं, पण इंजिनियरने आधी "हो" म्हणू दे.

असा जिना उतरताना तोंड पायऱ्यांकडेच ठेवायचं, शिडीसारखं. हे घरच्यांना सांगावं लागतं, कारण दिसायला तो जिना दिसतो आणि माणूस ऐटीत समोर तोंड करून उतरायला जातो. पाहुण्यांना तर हमखास सांगा. आणि सासूबाईंसाठी तो नाही, हेही तेवढंच खरं. सत्तरीच्या गुडघ्यांना दहा इंचांचा चढ देऊ नये. म्हणूनच बरण्या खाली आणायला सांगितल्या.

जड सामानाला मग काय? परसातल्या बावीवर कप्पी असेल. पंप बसल्यापासून बहुतेक घरांत ती नुसती लोंबकळत असते. ती काढा, तेल घाला आणि भगदाडाच्या बरोबर वर आढ्याखालच्या जाड तुळईला अडकवा. वाशाला नको, रिपेला तर मुळीच नको. बावीतून घागर काढायची तशी भांडी दोरीने खाली सोडायची. एक जण वर, एक खाली, आणि खालच्याने कप्पीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. जिन्यावरून जाणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. माझं मनगट मोडलं त्या वर्षी आमच्या बावीवर कप्पी होती. सुचली नाही.

भगदाडाच्या तीन बाजूंना कठडा विसरू नका, निदान एक मीटर उंच. उभ्या पट्ट्यांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको, घरात लहान मूल आज नसेल, चवथीला येतं. झाकण करा, उचलायला हलकं, उघडल्यावर अडकून राहील असं. ते उंदरांसाठी आणि धुळीसाठी. उदमांजराला झाकणाची गरज नसते, ते कौलांतून येतं. दिव्याला बटणं दोन, एक खाली आणि एक वर. अंधारात चाचपडत उतरण्यापेक्षा बटणाचा खर्च स्वस्त.

लाकूड फणसाचं चालेल, वजनाला हलकं आणि कामाला सोपं. पायऱ्यांना माट्टी किंवा किंदळ मिळालं तर ते जास्त झिजत नाही. पाय जमिनीला टेकतो तिथे चिऱ्याचा तुकडा किंवा ग्रॅनाइटची पट्टी घाला. मातीच्या जमिनीतून वाळवी पहिली तिथेच चढते. काम आत्ता करू नका. आपल्याकडे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस, श्रावणात लाकूड फुगलेलं असतं. आज घट्ट बसवलेला सांधा मार्चमध्ये खुळखुळतो. माप आत्ता घ्या, लाकूड आणून पडवीत आडवं रचून ठेवा, बसवणं दिवाळीनंतर. मे महिन्यात छप्पर शाकारणाऱ्यालाही त्याच जिन्याने वर जाता येईल.

राहिला चिरंजीवांचा अभ्यास. इथे मी तुमच्या मुलाचा वाईटपणा घेतो. सामानाच्या माळ्याची उंची बांधकाम संहितेच्या व्याख्येत दीड मीटरपर्यंत असते, आणि माणूस राहतो त्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट लागतात. तुमचा माळा मधोमध साडेसात. कौलांखाली एप्रिलमध्ये दुपारी काय भट्टी पेटते ते त्याला माहीत नसेल तर परीक्षेच्या तयारीत कळेल. शिवाय वर टेबल, पुस्तकांचं कपाट, पलंग गेला की नारळांसाठी घातलेल्या कड्यांवर वेगळाच भार येतो. आणि रात्री दोन वाजता झोपेत लघवीला उतरणारं पोर, साठ अंशांचा जिना, मी नाही म्हणेन. कधीतरी शांत बसून वाचायला जाऊ दे, तेवढी मुभा द्या. अभ्यासाची जागा पडवीच्या कोपऱ्यात करा. खरंच राहती खोली करायची असेल तर तो वेगळा विषय आहे: छप्पर उचलावं लागेल, पंचायतीची परवानगी लागेल, आणि तेव्हा टप्प्याचा मोठा जिनाही घराबाहेरून घालता येईल.

मेस्तशी बोलण्याआधी एक रविवार घालवा. जमिनीवर खडूने साडेपाच फूट बाय अडीच फुटांचा चौकोन आखा आणि आठवडाभर तसाच ठेवा. घरातली माणसं त्यावरून चालतात की त्याला वळसा घालतात ते बघा. सगळीच त्यावरून चालत असतील तर जिना तिथे नको. दोन फूट सरकवा आणि पुन्हा बघा.

या चवथीला मात्र नवा जिना होणार नाही. माटोळी काढायला शेजाऱ्याकडून चांगली शिडी आणा, ह्यांनी चढायचं, मुलाने खाली शिडीचा पाय धरायचा, भांडी दोरीने. तारेने बांधलेली ती निसण आधी घराबाहेर काढा. परसात टेकवून ठेवू नका, कुणीतरी शेवग्याच्या शेंगा काढायला नेईल. तुकडे करून जळणात घाला, आणि ते सासूबाईंच्या समोर करा.